संसाराचा हिशेब : कर्जाचा बाळंतविडा

लेक पहिलटकरीण असली की सातवा महिना लागताच माहेरी बाळंतविड्याची बोलणी सुरू होतात. आपल्या आज्यांच्या काळी बाळंतविडा म्हणजे काय असे? जुन्या सुती लुगड्याची दुपटी, मऊ झालेल्या धोतराचे लंगोट, हाताने शिवलेली चार झबली, एक टोपडे, एक कुंची आणि लहानशा दोन वाकळी. शिवायला आजी, मावशी, शेजारीण बसत. पैसा फार लागत नसे, माया मात्र भरपूर लागे.

आता बाळंतविडा दुकानातून येतो. चकचकीत खोक्यात तेल, पावडर, शाम्पू, बाटल्या, झालरीचे कपडे. सोबत बाबागाडी, वॉकर आणि स्टँडचा झुला. "लेकीच्या सासरी नाव ठेवतील," या एका भीतीपोटी बाप खिशात नसलेला पैसा उभा करतो. आमच्या गडचांदूर, कोरपना, राजुरा भागात सिमेंट कारखान्यांत आणि कोळसा खाणींत ठेकेदाराकडे राबणारे शेकडो बौद्ध तरुण आहेत. हाजरी भरली तर पगार. अशा घराचा हिशेब डोळ्यांसमोर आणा. समजा बाबागाडी ५,५०० रुपये, झुला ४,२००, वॉकर १,८०० आणि कपडे-बाटल्यांचा संच ३,५००. झाले १५,००० रुपये. ही रक्कम गटाच्या कर्जातून किंवा फायनान्सवाल्याकडून उचलली की दर आठवड्याला हप्ता दारात उभा. हप्ता चुकवता येत नाही, मग घरात काय चुकते? बाळंतिणीचे दूध, अंडी, डाळ आणि पालेभाजी. ज्या बाळासाठी कर्ज काढले त्याच्या तोंडचा घास आपण हप्त्यात भरतो. बाबागाडी पावसाळ्यात आपल्या वस्तीच्या चिखलात चालत नाही, ती पलंगाखाली जाते. लेकरू झोपते ते आजीने बांधलेल्या झोळीतच!

गडचिरोलीने जगाला दाखविले

बाळ जगायला आणि वाढायला नेमके काय लागते, याचे उत्तर शोधायला लांब जाण्याची गरज नाही. ते आपल्या शेजारच्या गडचिरोली जिल्ह्याने साऱ्या जगाला दिले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ खेड्यांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायांना शिकवून तयार केले. त्यांच्याजवळ वजनकाटा, थर्मामीटर, बाळाला ऊब देणारी कापडी पिशवी, श्वास अडकला तर देण्याचे साधन आणि मोजकी औषधे होती. आईला लगेच अंगावर पाजायला लावणे, बाळ कोरडे व उबदार ठेवणे, हात धुणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून वेळेत उपचार करणे, हे त्यांचे काम.

त्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी पूर्वी सुमारे ६२ बाळे पहिल्या महिन्यातच दगावत. तीन वर्षांत हे प्रमाण २५ च्या आसपास आले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. दर बाळामागे खर्च आला सव्वापाच डॉलर, म्हणजे त्या वेळच्या भावाने सव्वादोनशे रुपयांच्या आसपास. पुढे हीच पद्धत देशाने स्वीकारली. आज दवाखान्यात बाळंतपण झाल्यावर आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी येतात, त्या याच कामासाठी. त्या आल्या की त्यांना बसवा, बाळाचे वजन करून घ्या, शंका विचारा. ही भेट दुकानातल्या कुठल्याही खोक्यापेक्षा मोलाची आहे आणि ती फुकट आहे.

दूरच्या कोलंबिया देशात, बोगोटा शहरातल्या डॉक्टरांपुढे १९७८ च्या सुमारास काचेच्या पेट्या कमी आणि कमी वजनाची बाळे जास्त, असा पेच होता. त्यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी कातडीला कातडी लावून बांधून ठेवले आणि बाळे तगली. ही 'कांगारू' पद्धत आज आपल्याही सरकारी दवाखान्यांत वापरतात. आईची ऊब विकत घ्यावी लागत नाही.

काय घ्यावे, काय घेऊ नये

पहिल्या तीन महिन्यांसाठी पुढील गोष्टी पुरेत : सुती लंगोट २० ते २४, दुपटी सहा, पुढून बांधायची झबली सहा, टोपडी दोन, पायमोजे दोन जोड, लहान वाकळी दोन, अंग पुसायला मऊ पंचे दोन, मच्छरदाणी एक आणि थर्मामीटर एक. यातले शेवटचे दोन सोडले तर बाकी सारे घरच्या जुन्या सुती कापडातून निघते. कापड साबणाने धुऊन, उकळत्या पाण्यातून काढून, कडक उन्हात वाळवावे. आमच्याकडे धूळ फार, म्हणून वाळलेला कपडा झटकून मगच बाळाला घालावा. चंद्रपूरचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथे नायलॉनच्या झालरी बाळाच्या अंगाला टोचतात आणि घामोळे आणतात. मच्छरदाणीवर मात्र कंजुषी नको, कारण आपला जंगलपट्टा हिवतापाचा आहे.

नव्या मापाचे कपडे ढीगभर घेऊ नयेत. पाचव्या महिन्यापर्यंत बाळाचे वजन जन्माच्या साधारण दुप्पट होते आणि वर्षात तिप्पट. पहिल्या मापाचा कपडा दोन महिने अंगात जातो, पुढे पडून राहतो. नामकरणाला येणाऱ्या पाहुण्यांना मोकळेपणी सांगावे, "मामा, कपडा आणायचाच तर वर्षाच्या मापाचा आणा."

वॉकर अजिबात घेऊ नये. त्याने बाळ लवकर चालते हा समज चुकीचा आहे, उलट पडून डोक्याला मार बसण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ साली वॉकर विकायलाच बंदी घातली. पावडर, काजळ, मोहरीची उशी, ग्राइप वॉटर यांचीही गरज नाही. नजर लागू नये म्हणून काळा दोरा, गंडा, पाचवीची सटवाई यांवर पैसा घालविणे तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घराला शोभत नाही.

आता डायपरचा हिशेब मांडू. एक डायपर १० रुपयांना धरा. दिवसाला सहा म्हणजे ६० रुपये, वर्षाला २१,९०० रुपये. घरी लंगोट आणि रात्री किंवा प्रवासात एकच डायपर वापरला तर वर्षाला ३,६५० रुपये. वाचले १८,२५० रुपये. धुण्याचे कष्ट वाढतात हे खरे. ते कष्ट एकट्या बाळंतिणीवर टाकू नयेत. बाळाच्या बापाने सकाळी कामावर जाण्यापूर्वी लंगोट धुतले तर त्याची मर्दानगी कमी होत नाही.

सर्वांत मोठी बचत आईच्या दुधात आहे. पहिल्या तासात पिवळसर चीक पाजावा, तो पिळून टाकू नये. सहा महिने फक्त आईचे दूध. वरचे पाणीसुद्धा नको, मध-घुटी तर नकोच. पावडरचा डबा, बाटली, निपल, ती उकळायचा गॅस आणि बाटलीतून होणारे जुलाब, हा सारा खर्च वाचतो. डब्याच्या दुधाची आणि बाटल्यांची जाहिरात करणे, फुकट नमुने वाटणे याला आपल्या देशात १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. म्हणून कोणी नमुना देऊ लागले तर घेऊ नये. आईला दूधच येत नसेल किंवा बाळाचे वजन वाढत नसेल, तर मात्र लाज न बाळगता डॉक्टरांना दाखवावे.

हे दान नव्हे, हक्क आहे

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूती लाभ विधेयकाच्या बाजूने भाषण केले. बाळंतपणाच्या आधी व नंतर कामकरी स्त्रीला विसावा मिळणे हे साऱ्या राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारने व मालकाने उचलला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली तो कायदा झाला. आज ज्या योजना दिसतात त्यांच्या मुळाशी हा विचार आहे. तेव्हा त्या घेताना संकोच कसला?

सरकारी दवाखान्यात जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली २०११ पासून बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त, तपासण्या, जेवण आणि घरून नेणे-आणणे मोफत आहे. आजारी अर्भकालाही उपचार मोफत आहेत. बाळंतपणाला अनुसूचित जाती-जमातींच्या व दारिद्र्यरेषेखालील मातांना जननी सुरक्षा योजनेतून ग्रामीण भागात ७०० आणि शहरी भागात ६०० रुपये मिळतात. १९९० साली बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, म्हणून जातीचा दाखला आधीच काढून ठेवावा. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पात्र मातेला पहिल्या बाळासाठी ३,००० व २,००० अशा दोन हप्त्यांत ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाल्यास ६,००० रुपये खात्यात जमा होतात. नोंदणी अंगणवाडीत किंवा आशाताईकडे, आणि बँक खाते आधारला जोडलेले हवे.

बांधकामावर वर्षात ९० दिवस काम केलेल्या मजुराने इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नाव नोंदविले असेल, तर स्वतः कामगार असलेल्या स्त्रीला किंवा कामगाराच्या पत्नीला साध्या बाळंतपणासाठी १५,००० आणि शस्त्रक्रियेसाठी २०,००० रुपये मिळतात, तेही दोन बाळंतपणांपर्यंत. वरच्या कर्जाची रक्कम आठवा! तेवढाच पैसा हक्काने मिळत असताना आपण व्याजाने आणतो. १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीसाठी पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेच्या घरांना 'लेक लाडकी' योजना आहे. जन्मल्यावर ५,००० आणि पुढे टप्प्याटप्प्याने, वयाची १८ वर्षे पूर्ण होईपर्यंत, एकूण १,०१,००० रुपये.

आणखी एक गोष्ट. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासींत सिकलसेल आढळतो. गरोदरपणातच नवरा-बायको दोघांनी सरकारी दवाखान्यात त्याची मोफत तपासणी करून घ्यावी. हजारो रुपयांच्या झुल्यापेक्षा ही एक चिठ्ठी बाळाच्या जास्त कामाची आहे.

विहारात फिरता बाळसंच

फिनलंड या देशात १९३८ पासून गरीब मातांना आणि १९४९ पासून सर्वच मातांना सरकार एक पुठ्ठ्याची पेटी देत आले आहे. तीत कपडे, पांघरूण आणि गादी असते, आणि पेटीतच बाळाला झोपविता येते. सरकारने दिली तेव्हा कोणी नाव ठेवले नाही, कारण ती सर्वांना सारखीच मिळते.

हीच गोष्ट आपण विहारात करू शकतो. प्रत्येक विहाराच्या महिला मंडळाने एक पत्र्याची पेटी ठेवावी. ज्यांची मुले मोठी झाली त्यांनी पाळणा, मच्छरदाणी, आंघोळीचा टब, चांगले कपडे, वाटी-चमचा धुऊन आणून द्यावे. एका वहीत कोणी काय दिले, कोणी काय नेले, कधी परत आले, हे लिहावे. नेणाऱ्याने धुऊन, वाळवून परत करावे. गरीब-श्रीमंत असा भेद नको. शिक्षकाच्या सुनेनेही तिथूनच न्यावे, म्हणजे कोणालाच कमीपणा वाटणार नाही. नियम मात्र कडक असावेत. वापरलेले निपल, बाटल्या आणि उरलेली औषधे घ्यायची नाहीत. गंजलेला, रंग सुटलेला पाळणा नको, आणि पाळण्याच्या दांड्यांतली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर लेकराचे डोके अडकू शकते.

सिगालोवाद सुत्तात भगवान बुद्धांनी गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले आहे. एक भाग चरितार्थाला, दोन कामधंद्यात आणि चौथा अडचणीसाठी राखून ठेवायला. कर्जाने आणलेली बाबागाडी या चारही भागांत बसत नाही. तिचे पैसे वाचवून बाळंतिणीच्या ताटात अंडे वाढा, आणि उरलेले मुलीच्या नावे पोस्टात सुकन्या समृद्धी खात्यात टाका. वर्षाला २५० रुपये भरूनही ते खाते चालते.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात आपल्या आजी-आजोबांनी बाबासाहेबांच्या हातून धम्मदीक्षा घेतली तेव्हा त्यांच्या काखेतली लेकरे जुन्या लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलेली होती. त्याच लेकरांतून पुढे शिक्षक, परिचारिका, वकील घडले. यंदा ज्या घरी पाळणा हलणार आहे, त्या घरच्या भगिनींनी येत्या रविवारी विहारात पेटीचा विषय काढावा.

जयभीम! नमो बुद्धाय!