दारूबंदीने दारू सुटत नाही, फक्त विकणारा बदलतो

तुमच्या घरात दारूने कुणाचे वाटोळे केले असेल, तर 'सरकारने दारू एकदाची बंदच करून टाकावी' असे तुम्हाला वाटणे साहजिक आहे. दारू शरीराचा नाश करते, याबद्दल डॉक्टर म्हणून मला तिळमात्र शंका नाही. यकृत, स्वादुपिंड, हृदय, मेंदू कुणालाच ती सोडत नाही. तोंडाच्या आणि अन्ननलिकेच्या कॅन्सरचेही ती एक कारण आहे. तरीही सरसकट दारूबंदीला माझा विरोध आहे. का, ते सांगतो.

मुंबईत काय झाले?

1949 साली मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि 1950 मध्ये मुंबईत संपूर्ण बंदी आली. मोरारजी देसाई तिचे खंदे पुरस्कर्ते. हेतू चांगलाच होता. पण दुकाने बंद झाली तरी पिणाऱ्यांची तलफ गेली नाही. काळा गूळ आणि नवसागर घालून हातभट्ट्या लागल्या, टायरच्या ट्यूबमध्ये भरलेला माल शहरभर फिरू लागला, वस्त्यांमध्ये अड्डे निघाले. ऐपत असलेल्यांनी डॉक्टरी दाखला जोडून प्रकृतीच्या कारणाखाली परवाने काढले. गरिबाच्या वाट्याला हातभट्टीच आली.

आता असा धंदा कोण चालवू शकतो? उधारी बुडाली तर कोर्टात जाता येत नाही, वसुलीला गुंड लागतात. भट्टी टिकवायला हप्ता लागतो. शेजारचा अड्डेवाला गिऱ्हाईक पळवू लागला, तर फैसला सुऱ्यानेच होतो. व्हीटी स्टेशनवर हमाली करणारा वरदराजन मुदलियार याच धंद्यातून मोठा झाला आणि पुढे तस्करीपासून जमिनी बळकावण्यापर्यंत त्याचे हात पोहोचले. अमेरिकेत 1920 ते 1933 या बंदीच्या काळात शिकागोच्या अल कपोनचेही असेच झाले होते. मुंबईत 1960 च्या दशकात परवाने सैल झाले, पण तोवर टोळ्यांकडे पैसा, माणसे आणि पोलिसांतल्या ओळखी जमल्या होत्या. असे लोक दारू मोकळी झाली म्हणून घरी बसत नाहीत. ते दुसरा धंदा शोधतात.

बाटलीत काय आहे?

डॉक्टरच्या दृष्टीने सर्वांत भयंकर भाग हा. चोरट्या दारूची तपासणी होत नाही. नशा वाढवायला किंवा खर्च वाचवायला तिच्यात कारखान्यातले मिथेनॉल मिसळले जाते. यकृतात त्याचे फॉर्मिक ॲसिड बनते. ते डोळ्यांच्या नसा जाळते आणि रक्तातले आम्ल वाढवते. त्रास बऱ्याचदा बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो: उलट्या, पोटदुखी, डोळ्यांपुढे धुके, धाप. वेळेत उतारा आणि डायलिसिस मिळाले तर माणूस वाचतो, कधी दृष्टीही वाचते. पण जिथे पिणे हाच गुन्हा आहे, तिथे घरचे लोक पोलिसांच्या भीतीने 'काही नाही, पित्त झालंय' असे सांगतात आणि तेवढ्यात वेळ निघून जाते. बंदी असलेल्या गुजरातेत 2009 मध्ये अहमदाबादला शंभराहून अधिक आणि 2022 मध्ये बोटाद परिसरात चाळीसहून अधिक माणसे विषारी दारूने गेली.

'पण डॉक्टर...'

तुम्ही म्हणाल, 2015 मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली, तिथे कुठे बंदी होती? बरोबर आहे. बंदी नसली तरी गरिबाला परवडेल ते हातभट्टीतच मिळते, आणि तिथे कायदा झोपलेलाच असतो. बंदी उठवली की सारे आपोआप सुरळीत होते, असा माझा दावा नाही.

बंदीने पिणे काही प्रमाणात कमी होते, हेही खरे. अमेरिकेत त्या काळात सिऱ्हॉसिसचे मृत्यू घटले होते. गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, पण तिथे गावसंघटना आणि व्यसनमुक्तीचे कामही जोडीला उभे आहे. शेजारच्या चंद्रपुरात 2015 साली लावलेली बंदी 2021 मध्ये उठवावी लागली, आणि अवैध विक्री व गुन्हेगारी वाढल्याचे कारण खुद्द सरकारनेच दिले.

मग काय मागायचे?

दुकाने कमी करा, वेळा कमी करा, जाहिराती बंद करा. गावातल्या बायकांनी मतदानात बाटली आडवी केली, तर दुकान हटलेच पाहिजे. पण पिणाऱ्याला गुन्हेगार ठरवू नका. दारूचे व्यसन हा आजार आहे. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तुटली तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊन जीवही जाऊ शकतो. त्याला औषधे, देखरेख आणि समुपदेशन लागते. दारूच्या करातून सरकारला एवढा पैसा मिळतो, मग प्रत्येक तालुक्यात व्यसनमुक्ती केंद्र का नाही? पुढच्या वेळी मत मागायला कुणी 'दारूबंदी करू' म्हणत आला, तर त्याला हा प्रश्न जरूर विचारा.

आणि घरात कुणी पीत असेल तर कायद्याची वाट पाहू नका. 14416 या टेलिमानसच्या मोफत क्रमांकावर बोला किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या मनोविकार विभागात त्याला घेऊन जा. दारू प्यायल्यानंतर कुणाला अंधुक दिसू लागले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा आणि डॉक्टरांना खरे सांगा: काय प्यायला, कुठली आणि किती वाजता.