खूण पटते, पण कोणाची?

नवरात्रात तुळजापूरच्या गर्दीत घरचे आजोबा चुकले, तर ‘पांढरी टोपी, धोतर, गळ्यात कवड्यांची माळ’ एवढ्या वर्णनावर त्यांचा शोध कसा लागावा? अशा वेशातले कितीतरी वृद्ध मंदिराच्या वाटेवर भेटतील. वर्णन खरे असते, पण ते केवळ आपल्याच आजोबांचे नसते. वाचकहो, मेंदूच्या पेट स्कॅनपुढेही हीच अडचण उभी राहते.

या तपासणीत शिरेतून अत्यल्प किरणोत्सारी द्रव्य देतात. त्याला ट्रेसर म्हणतात. मेंदूतील एखाद्या ठरावीक प्रथिनाला ते चिकटावे आणि यंत्राने ती जागा टिपावी, ही अपेक्षा. विस्मरणाच्या आजारात साचणारे अमायलॉइड व टाऊ, कंपवातात घटणारे डोपामाइनचे वाहक, अशी ही लक्ष्ये. परंतु उजळलेला भाग त्याच प्रथिनाचा आहे, की ट्रेसर भलत्याच जागी जाऊन बसला आहे, हे चित्र सांगत नाही.

म्हणून संशोधक उलटी परीक्षा घेतात. आजोबा घरीच बसलेले असताना त्याच वर्णनावर शोध घ्यावा. तरीही कोणी ‘सापडले!’ म्हणत आला, तर वर्णनच फसवे. हे ‘घरी बसवणे’ जनुक निकामी करून साधते. ठरवून नेमके एकच जनुक बंद केलेले प्रयोगशाळेतील मोठे पांढरे उंदीर २००९ साली झाले. जनुक नाही, म्हणून त्याचे प्रथिनही नाही. अशा उंदराला आणि सामान्य उंदराला एकच ट्रेसर देतात. पहिल्याचा मेंदू अंधारा राहिला, तर भरवसा वाढतो. दोघांचे सारखेच उजळले, तर त्या ट्रेसरवर विसंबता येत नाही. अर्थात जन्मापासून प्रथिनाविना वाढलेला मेंदू थोडा निराळा घडू शकतो, आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे. अखेरची कसोटी माणसांतच लागते.

ती किती कठोर असते पाहा. टाऊ दाखवण्यासाठी जपानमध्ये टीएचके-५३५१ हा ट्रेसर तयार झाला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सेलेजिलिन या कंपवातावरील औषधाची १० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिल्यावर मेंदूच्या काही भागांतील त्याची चमक जवळपास निम्म्याने घटली. सेलेजिलिन टाऊला रोखत नाही. ते मोनोअमाइन ऑक्सिडेज-बी या विकराला रोखते. म्हणजे टाऊ समजून पाहिलेला बराचसा उजेड त्या विकराचा होता.

आपल्याकडे मेंदूच्या पेट तपासणीत बहुधा साखरेसारखा ट्रेसर वापरतात. तो कोणा एका प्रथिनाचा नव्हे, तर मेंदूच्या साखर वापरण्याचा माग काढतो; म्हणून रक्तातील साखर वाढलेली असल्यास चित्र फिके पडते. त्यातले फ्लुओरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मे होते. मुंबईहून मोटारीने निघालेल्या कुपीत तुळजापूर येईतो जेमतेम सोळावा हिस्सा उरेल. त्यामुळे प्रवास रुग्णालाच घडतो.

तेव्हा निघताना सर्व औषधांची यादी, मात्रेसह, सोबत न्या. मधुमेहाची आणि कंपवाताची औषधे आवर्जून लिहा. मात्र कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नका. डॉक्टरांना एवढेच विचारा : ‘हा ट्रेसर आणखी कशाला चिकटतो, आणि आईच्या या गोळीने चित्र बदलेल का?’