विश्लेषण : राखेला गिऱ्हाईक मिळाले, उरलेल्या अन्नाला का नाही?

घुग्घुसच्या परिसरात एका उद्योगाचा टाकाऊ माल दुसऱ्याच्या कामी येतो. उपाहारगृहे, हॉटेले आणि मंगल कार्यालयांत उरणाऱ्या अन्नाच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा कचरागाडीच येते. नियम दोन्हींसाठी आहेत. मग फरक कुठे पडतो?

वर्धा नदीकाठच्या घुग्घुसमध्ये कोळसा खाणी, सिमेंट आणि स्पंज आयर्न हे तिन्ही उद्योग एकमेकांच्या शेजारी उभे आहेत. राख, धूळ आणि ट्रकची रांग इथल्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ ही शाळेतल्या हस्तकलेची ओळ इथे फार पूर्वीच धंद्यात उतरली. म्हणूनच उरलेल्या अन्नाचे काय करायचे, याचे उत्तर शोधताना आधी राखेकडे पाहावे लागते.

राख माल कशी झाली?

चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. वीज केंद्रांत वापरल्या जाणाऱ्या देशी कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते. म्हणजे शंभर ट्रक कोळसा जाळला, की तीस-चाळीस ट्रक राख मागे उरते. ही राख पाण्यात कालवून तलावात सोडणे हा जुना मार्ग. दुसरा मार्ग सिमेंटचा. भारतीय मानकांनुसार पोर्टलँड पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख मिसळता येते. जेवढी राख मिसळली तेवढे क्लिंकर वाचते आणि क्लिंकर करण्यासाठी चुनखडी सुमारे १,४५० अंश सेल्सियसपर्यंत तापवावी लागते. चुनखडी वाचते, इंधन वाचते, राखेची जागाही मोकळी होते. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसपासून आवारपूर, गडचांदूरपर्यंत सिमेंट कारखाने असल्याने राखेला गिऱ्हाईक दूर शोधावे लागले नाही.

मात्र नुसते गिऱ्हाईक असून भागले नाही. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेने वीज केंद्रांना राखेचा १०० टक्के वापर बंधनकारक केला आणि न वापरलेल्या राखेवर टनामागे १,००० रुपये पर्यावरण भरपाई ठरवली. त्यामुळे राखेमागे आता वजनकाटा आहे, पावती आहे आणि न उचलल्यास दंडही आहे. फेकणे महाग झाले, की देणे सोपे वाटू लागते.

स्पंज आयर्नमध्ये हेच उष्णतेच्या बाबतीत घडले. घुग्घुसमधील लॉइड्स मेटल्सच्या प्रकल्पात भट्टीतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर ३० मेगावॉटचे वीज संयंत्र चालते. वेस्टर्न कोलफिल्ड्सने नागपूर जिल्ह्यात खाणीतील पाणी शुद्ध करून ‘कोल नीर’ नावाने बाटलीबंद केले आणि कोळशावरच्या मातीच्या थरातून वाळू वेगळी काढली. यापैकी काहीच धर्मादाय म्हणून झालेले नाही.

याला दुसरी बाजूही आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर परिसर ८३.८८ गुणांसह देशात चौथ्या क्रमांकाचा प्रदूषित औद्योगिक पट्टा ठरला होता आणि त्या पट्ट्यात घुग्घुसचे नाव होते. राखेचा पुनर्वापर झाला म्हणून घरावरची धूळ गेली, असा दावा घुग्घुसमध्ये कोणी ऐकून घेणार नाही.

उरलेले, शिळे आणि उष्टे : फरक का महत्त्वाचा?

अन्नदानाच्या चर्चेत सर्वाधिक घोळ इथे होतो. मराठी घरात या तीन शब्दांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पातेल्यातले, वाढपाच्या डावाखेरीज कशाचाही स्पर्श न झालेले ते उरलेले. कालचे ते शिळे. ताटातले ते उष्टे. दान करता येते ते फक्त पहिले. दुसऱ्याबद्दल शंका असली तर ते देऊ नये आणि तिसऱ्याचा प्रश्नच येत नाही. ते खत किंवा बायोगॅसकडे जायला हवे.

तरीही अनेक मंगल कार्यालयांत हे तिन्ही एकाच ड्रममध्ये जाते. बुफे पद्धतीत ही गल्लत वाढते. पंगतीत वाढपी विचारून वाढतो आणि उरलेले मोठ्या पातेल्यातच राहते. बुफेच्या टेबलावरचे उघडे भांडे मात्र दोन-तीन तास सगळ्यांच्या हाताखाली असते. ते ‘उरलेले’ म्हणायचे का, हा प्रश्न अवघड आहे. प्रामाणिक उत्तर : टेबलावरचे देऊ नये, मागच्या स्वयंपाकघरात झाकून ठेवलेले द्यावे.

घुग्घुसमध्ये घड्याळ अधिक वेगाने का धावते?

राख वर्षभर पडून राहिली तरी राखच राहते. भाताचे तसे नाही. शिजवलेले अन्न साधारण ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधल्या तापमानात राहिले, की जंतू झपाट्याने वाढतात. अशा अवस्थेत अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये आणि हवेचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच, असा अन्नसुरक्षेचा सर्वमान्य दंडक आहे. चंद्रपूर जिल्ह्यात लग्नसराई ऐन एप्रिल-मेमध्ये असते आणि तेव्हा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. दुपारी दोनला उरलेला भात संध्याकाळी सहाला एखाद्या वस्तीत नेऊन वाटणे म्हणजे पुण्य नव्हे, विषबाधेला आमंत्रण आहे. भाताचे उदाहरण मुद्दाम घेतले. त्यातील एका जातीच्या जंतूचे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही.

त्यामुळे इथे खरा प्रश्न दानशूरपणाचा नाही. अन्न उरणार हे कळल्यापासून ते खाणाऱ्याच्या हातात पडेपर्यंत किती मिनिटे लागतात, एवढाच तो आहे. अन्न गरम पेटीत ६० अंशांच्या वर राहिले तर वेळ वाढवून मिळतो. पेटी नसेल तर नाही.

नियम काय सांगतात?

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१९ मध्ये अतिरिक्त अन्नाच्या संकलन व वाटपासाठी स्वतंत्र विनियम काढले. यानुसार अन्न गोळा करून वाटणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते. देणाऱ्या व्यावसायिकाने ते अन्न इतर मालापासून वेगळे ठेवायचे, पदार्थाचे नाव, कुठून आले, केव्हा तयार झाले, शाकाहारी की मांसाहारी, हे लिहायचे आणि ते वाटपासाठी आहे, विक्रीसाठी नाही, असा उल्लेख करायचा. वाटप मोफतच आणि भेदभावाविना करायचे. कोणी काय दिले, कुणी घेतले याची नोंदही ठेवायची.

हे नियम वाईट नाहीत. पण ते ‘द्यायचे असेल तर असे द्या’ एवढेच सांगतात. दिले नाही तर काय, याबाबत गप्प आहेत. फ्रान्सने फेब्रुवारी २०१६ च्या कायद्याने ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटांना खाण्यायोग्य माल नष्ट करण्यास मनाई केली आणि सेवाभावी संस्थांशी करार करणे भाग पाडले. अमेरिकेने दुसरा मार्ग धरला. तिथल्या १९९६ च्या कायद्याने सद्हेतूने अन्न देणाऱ्याला, गंभीर निष्काळजीपणा नसेल तर, खटल्यांपासून संरक्षण दिले. एका देशाने टाकण्याची वाट बंद केली, दुसऱ्याने देण्याची भीती काढली.

व्यावसायिक का कचरतात?

पहिले कारण तेच, भीती. ‘आमच्या जेवणाने कुणाला काही झाले तर?’ हा प्रश्न कोणत्याही केटररला विचारून पाहा. तो अन्न टाकतो ते निर्दयपणामुळे नाही. टाकलेल्या अन्नाबद्दल कोणी पोलिसात जात नाही, हे त्याला माहीत असते.

दुसरे कारण कराचे. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम १७(५) नुसार नष्ट झालेल्या मालावर जसा इनपुट क्रेडिट मिळत नाही, तसाच भेट म्हणून दिलेल्या मालावरही मिळत नाही. शिजवलेल्या अन्नाला हे फारसे लागू नाही. मात्र मुदत संपायला महिना उरलेली बिस्किटांची खोकी गोदामात असलेल्या वितरकाच्या दृष्टीने खोकी फेकणे आणि वाटणे यात करापुरता काहीच फरक उरत नाही. वाटण्यात वाहतुकीचा खर्च वरून.

मोठ्या कंपन्यांबाबत आणखी एक गैरसमज आहे. भूक निर्मूलन हा कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या परिशिष्टातील सामाजिक दायित्वाचा विषय आहे, पण वस्तुरूपात दिलेल्या मदतीची किंमत लावून ती त्या खर्चात दाखवता येत नाही. अर्थात नोंदणीकृत संस्थेला गरम पेट्या, छोटी गाडी किंवा शीतकपाट घेण्यासाठी पैसे देता येतात. घुग्घुससारख्या ठिकाणी कंपनीच्या मदतीचा हाच भाग सर्वात उपयोगी आहे, कारण अडते ते अन्नावाचून नव्हे, गाडीवाचून.

महाराष्ट्रात कुणी करून दाखवले?

मुंबईच्या डबेवाल्यांनी २०१५ मध्ये ‘रोटी बँक’ सुरू केली. लग्न किंवा समारंभात अन्न उरले, की फोन यायचा आणि जवळचे डबेवाले ते उचलून गरजूंपर्यंत पोहोचवायचे. पुढे माजी पोलीस महासंचालक डी. शिवानंदन यांनीही याच नावाने मुंबईत उपक्रम उभा केला. डबेवाल्यांचा धडा नेमका आहे. त्यांच्याकडे नवे काही नव्हते. सायकली होत्या, माणसे होती आणि वेळेवर डबा पोहोचवण्याची पिढ्यांची सवय होती. त्याच सवयीला उलट दिशेने कामाला लावले.

घुग्घुसकडे डबेवाले नाहीत, पण पाळ्या आहेत. खाणी आणि कारखाने तीन पाळ्यांत चालतात, त्यामुळे उपाहारगृहात अन्न केव्हा उरणार याची वेळ जवळपास ठरलेली असते. लग्नात ती ठरलेली नसते. म्हणून सुरुवात मंगल कार्यालयातून नव्हे, उपाहारगृहातून व्हायला हवी. कारखाने कायद्यात २५० हून अधिक कामगार असलेल्या कारखान्याला उपाहारगृह बंधनकारक होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितेत ही मर्यादा १०० कामगारांवर आली, त्यातही कंत्राटी कामगार धरून. उपाहारगृहे वाढली तर उरणारे अन्नही वाढेल.

सुरुवात कुठून?

वजनापासून. दोन आठवडे रोज, प्रत्येक पाळीनंतर, पातेल्यात उरलेले आणि ताटात टाकलेले वेगवेगळे मोजले, की निम्मा प्रश्न तिथेच दिसतो. पातेल्यात सतत उरत असेल तर स्वयंपाक जास्त होतो आहे. त्यावर औषध दान नसून आदल्या पाळीला हजेरी घेणे हे आहे. ताटात उरत असेल तर वाढप मोठे आहे किंवा भाजी खाण्यासारखी नाही. दुसरे कारण व्यवस्थापनाला ऐकायला आवडत नाही.

हे करूनही उरेल ते द्यायचे. घेणारे शोधायला लांब जावे लागत नाही. कोळसा भरण्यासाठी रांगेत ताटकळणारे ट्रकचालक, एका खोलीत पाच-सहा जण राहणारे परप्रांतीय कंत्राटी मजूर, जिल्हा रुग्णालयाबाहेर मुक्काम करणारे नातेवाईक. यातले अनेक जण स्वतःला ‘गरजू’ म्हणवून घेणार नाहीत आणि त्यांच्या हातात थाळी देऊन फोटो काढणाऱ्यांकडे पुन्हा येणारही नाहीत. अंगणवाडी आणि आश्रमशाळांना मात्र शिजवलेले उरलेले अन्न देणे टाळलेलेच बरे. मुलांच्या बाबतीत एक चूकही परवडत नाही.

भांड्यांचा पुनर्वापर तुलनेने सोपा. विदर्भातल्या अनेक गावांत समाजाची किंवा मंडळाची भांडी लग्नाला नेण्याची रीत होती. थर्माकोलच्या ताटल्यांनी ती मोडली. राज्यात मार्च २०१८ मध्ये त्यांवर बंदी आली, तरी कागदी म्हणून विकल्या जाणाऱ्या अस्तरवाल्या ताटल्या आल्याच.

कचरा नियमांचा यात काय संबंध?

हजार पाहुण्यांच्या लग्नात माणशी फक्त १०० ग्रॅम अन्न वाया गेले तरी १०० किलो होते. दिवसाला सरासरी १०० किलो कचरा करणारी आस्थापना २०१६ च्या घनकचरा नियमांतही ‘मोठी कचरा निर्माती’ होती. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत हा निकष कायम आहे आणि ओला कचरा शक्यतो जागीच जिरवण्याची जबाबदारी अशा आस्थापनांवर आहे. त्यासाठी तंत्र उपलब्ध आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राचे डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेला ‘निसर्गऋण’ बायोगॅस प्रकल्प माथेरानसह अनेक ठिकाणी उभा राहिला. त्याला वेगळा केलेला ओला कचरा लागतो, प्लास्टिकमिश्रित नाही.

याच नियमांत घुग्घुसशी थेट जोडलेली एक तरतूद आहे. सिमेंट कारखान्यांनी कोळशाऐवजी कचऱ्यातील जळाऊ भागापासून बनवलेले इंधन वापरण्याचे प्रमाण सहा वर्षांत ५ टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर न्यायचे आहे. हे इंधन कोरड्या कचऱ्यापासून बनते. त्यात वरणभात मिसळला, की ओलावा वाढतो, उष्मांक घसरतो आणि भट्टी तो माल नाकारते. म्हणजे नगर परिषदेच्या गाडीत मंगल कार्यालयाचा ड्रम जसाच्या तसा रिकामा झाला, तर अन्न तर जातेच, शिवाय काही अंतरावरच्या सिमेंट भट्टीला चालले असते ते प्लास्टिकही कचरा डेपोवर जाते.