माशीला धुरा नसतो



कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत संत्र्यावरच्या माशीचे काय काम, असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येईल. बागाईतदारांचे दुखणे बागाईतदारांनी पाहावे, आमच्या वावरात ना विहिरीला पाणी ना झाडाला फळ, असे कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. पण फळमाशी वरुड-मोर्शीच्या बागेत जन्मून तिथेच मरत नाही. तिच्या वर्षाचा बराच भाग आपल्याच धुऱ्यावर जातो. आणि तिच्याशी लढण्याची जी रीत आहे, तीच रीत आपल्या पऱ्हाटीला आणि ज्वारीलाही लागू आहे. म्हणून हा विषय.

फळमाशी म्हणजे घरातली माशी नव्हे, आणि सडक्या फळावर घोंगावणारी चिलटेही नव्हेत. ती पाडाला येणाऱ्या चांगल्या फळावर बसते. मादी सुईसारख्या अवयवाने साल टोचून आत अंडी घालते. दोन-तीन दिवसांत अळी निघते, गर खाते, फळ सडते आणि गळते. गळलेल्या फळातून अळी मातीत शिरते, कोष करते आणि माशी होऊन वर येते. उबदार, दमट हवेत हे चक्र तीन-चार आठवड्यांत पुरे होते. एक मादी आयुष्यात शेकड्यांनी अंडी घालते. म्हणजे आज झाडाखाली सडत पडलेले फळ हे महिनाभराने येणाऱ्या माश्यांचे बियाणे आहे.

शिवाय माशी एक नाही. आंबा, जांब आणि संत्रा या तिन्हींवर जाणारी बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस ही सर्वांत उपद्रवी. तिच्या जोडीला झोनाटा आणि करेक्टा या तिच्या बहिणी. काकडी, कारली, दोडके, भोपळा यांवरची माशी वेगळी. कपाशीच्या तासात लावलेल्या वाळकांत जी अळी निघते ती हिची. बोरावरची माशी आणखी वेगळी, ती बोर सोडून दुसरीकडे जात नाही. एकच औषध, एकच सापळा आणि एकच तारीख सगळ्यांना चालत नाही, हे इथेच ध्यानात घ्यावे.

आता तिचे वऱ्हाडातले वर्ष पाहा. वैशाखात पारा ४५ अंशांकडे जातो, माती भाजते, तेव्हा माशी कमी होते. ओलिताच्या बागा आणि नाल्याकाठची दाट झाडे यांच्या आश्रयाने ती तग धरते. गावरान आंबा पिकू लागला की तिला पहिले अन्न मिळते. मृगाचा पाऊस पडला, माती मऊ झाली, हवेत ओल आली की तिची संख्या चढू लागते. श्रावण-भाद्रपदात धुऱ्यावरचा जांब आणि वेलभाज्या तिला पोसतात. पावसाळ्यातला जांब किडका आणि हिवाळ्यातला निका, हे आपल्या घरातल्या पोरालाही माहीत आहे. त्याचे कारण हेच. आणि नेमके आश्विन-कार्तिकात, जांबावर वाढलेली पिढी उडायला तयार असते तेव्हा, संत्र्याचा आंबिया बहार रंग धरू लागतो. पौषाच्या थंडीत माशी पुन्हा मंदावते, म्हणून मृग बहाराला तिचा जाच कमी. त्या दिवसांत बोरावरची माशी मात्र आपले काम करत असते.

या चक्रात दोष कुणाचा? बागाईतदाराचा नाही आणि कोरडवाहूचाही नाही. १९९० साली रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली. बोर, आंबा, सीताफळ, आवळा कोरडवाहू वावरांत आणि धुऱ्यांवर आले. ते चांगलेच झाले. पण झाड लावण्याचा हिशेब झाला, झाडाखाली गळणाऱ्या फळाचा झाला नाही. माशीला सातबारा वाचता येत नाही. ती काही किलोमीटर सहज जाते. एकाने बागेत चार फवारे मारले आणि शेजारच्या धुऱ्यावर जांब सडत राहिला, तर फवाऱ्याचा पैसा मातीत गेला.

आणि पैसा कसा जातो तेही पाहा. संत्र्याची बाग बहुधा झाडावरच विकली जाते. व्यापारी आला की आधी झाडाखाली पाहतो. गळ तो मोजतो, आकडा तो सांगतो, भावही तोच पाडतो. औषध किती लागेल हे दुकानदार सांगतो. नुकसान किती झाले हे पंचनामा करणारा सांगतो. ज्याचे झाड आहे तो एकटाच काही मोजत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे की मोजणी आपल्या हातात घ्या.

मोजणी अवघड नाही. पुसा येथे काम करणाऱ्या हॉवलेट या कीटकशास्त्रज्ञाने १९१२ ते १९१५ च्या सुमारास दाखवून दिले, की विशिष्ट वासावर या माशीचे नर धावून येतात. तो वास मिथाईल युजेनॉलचा. आपल्या अंगणातल्या तुळशीतही तो असतो. आज कृषी सेवा केंद्रात त्याची गोळी किंवा वडी मिळते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ नावाचा सापळा काढला आहे, आणि रिकाम्या प्लास्टिकच्या बाटलीलाही भोके पाडून काम भागते. वेलभाजीवरच्या माशीला क्यू-ल्यूर ही दुसरी गोळी लागते. बोराच्या माशीला मिथाईल युजेनॉल चालत नाही. तिथे फळ कापूनच पाहावे लागते.

एक गोष्ट मात्र कुणी लपवू नये. या सापळ्यात फक्त नर येतात. एक नर उरला तरी तो अनेक माद्यांना पुरतो, आणि बाहेरून आलेली मादी आधीच फळलेली असते. म्हणून एका बागेतला सापळा म्हणजे बंदोबस्त नव्हे, तो आरसा आहे. बंदोबस्त व्हायचा तर सारे शिवार एकत्र यावे लागते. जपानने ओकिनावाच्या बेटांवरून वेलभाजीवरची माशी १९९३ पर्यंत नाहीशी केली. वांझ केलेल्या माश्या वर्षानुवर्षे सोडून, सरकारी खर्चाने, बेटामागून बेट असे ते काम झाले. आपल्याकडे समुद्राची आड नाही. आपली आड म्हणजे गावाची एकी.

ज्वारीवाल्यांना हे नवे नाही. खोडमाशीला औषधापेक्षा तारीख भारी पडते. पाऊस बसल्यावर आठवड्या-दहा दिवसांत पेरलेली ज्वारी बहुतेक वाचते, मागास पेरणीत पोंगेमर होते. आणि सगळे शिवार एकदम पेरले तर माशी वाटली जाते. किडीचा काळ ओळखणे हेच तिथे औषध आहे.

कापूसवाल्यांनाही २०१७ सांगायला नको. गुलाबी बोंडअळीने विदर्भभर बोंडे पोखरली. त्याच हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अळी बोंडाच्या आत असते. बाहेरून दिसते तोवर वेळ गेलेली असते, आणि मग माणूस घाबरून हाताला लागेल ते औषध मिसळतो. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग पडले की उपाय करायचा, अशी शिफारस आहे. तो आकडा ज्याच्या वहीत आहे तो घाबरत नाही. ज्याच्या वहीत नाही तो शेजाऱ्याचा पंप ऐकून आपला पंप काढतो.

बाजारातही वहीच बोलते. युरोपने १ मे २०१४ पासून आपला आंबा आणि चार भाज्या बंद केल्या. २०१३ मध्ये भारताच्या २०७ खेपांत फळमाशी आणि इतर किडी सापडल्या होत्या. युरोपने बोट ठेवले ते आपल्या तपासणीवर आणि दाखला देण्याच्या पद्धतीवर. तपासणी सुधारली तेव्हा २०१५ च्या आरंभी आंबा पुन्हा सुरू झाला. ज्याने झाड वाढवले त्याचा यात काही गुन्हा नव्हता, पण शिक्षा त्यालाच झाली.

आता काय करायचे? गावागावाने चार कामे घ्यावीत.

पहिले : शिवारात ठिकठिकाणी मोजणीचे सापळे टांगावेत. बागेत, जांबाजवळ, वेलभाजीत. दर आठवड्याला एकाच वारी माश्या मोजून तारखेसह वहीत लिहाव्यात. शाळेतली पोरे-पोरी हे काम आपल्यापेक्षा चोख करतील.

दुसरे : गळलेले फळ कापून पाहावे. आत अळ्या असल्या तर फळमाशी. अळी नाही पण सालीला बारीक गोल छिद्र असले तर रात्रीचा रसशोषक पतंग. त्याच्या अळ्या गुळवेल आणि वासनवेलीवर वाढतात, तेव्हा बागेजवळच्या त्या वेली काढाव्यात. दोन्ही नसेल तर बुरशी किंवा पाण्याचा ताण. प्रत्येक गळीवर माशीचे औषध मारणे म्हणजे तापावर मलम लावणे.

तिसरे : गळलेली फळे आठवड्यातून दोनदा वेचून दोन फूट खोल पुरावीत. ज्याच्या धुऱ्यावर जांब-आंबा आहे त्यानेही. हे काम फुकट होत नाही. बागाईतदाराने फवाऱ्याचा वाचलेला पैसा कोरडवाहू शेजाऱ्याच्या मजुरीला द्यावा. यात उपकार नाही, हिशेब आहे.

चौथे : उन्हाळ्यात झाडाखालची माती हलवून कोष उन्हाला आणि पाखरांना दाखवावेत.

सरकारकडे भीक मागायची नाही, आपला आकडा मागायचा आहे. २००९-१० पासून राज्यात किडींच्या सर्वेक्षणाचा क्रॉपसॅप प्रकल्प सुरू झाला. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे. आपल्या वावरातून मोजलेले आकडे त्याच आठवड्यात, मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. आणि गंधाच्या गोळ्या भाद्रपदाच्या आत तालुक्याला आल्या पाहिजेत, दिवाळीनंतर नव्हे.

पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने आपली वही आणावी. भाषणे थोडी करू, वह्या वाचू.