मडगार्ड कापावे काय?

मोठे टायर बसावेत म्हणून जीप, जिप्सी अथवा थार यांच्या चाकांवरील पत्रा ग्राइंडरने कापून काढण्याची जी चाल अलीकडे बोकाळली आहे, तिच्याविषयी दोन परस्परविरुद्ध मते हिरिरीने मांडली जातात. आणि दोन्ही पक्षांना मानणारी माणसे आमच्या आणे पठारावर, विशेषतः सुटीच्या दिवशी माळशेज ओलांडून येणाऱ्या गाड्यांत, हटकून भेटतात. चांगल्या गाडीच्या पत्र्याला करवत लावणे ही तिची निव्वळ विटंबना होय, असे एक पक्ष म्हणतो. पत्रा कापून पस्तीस इंची टायर चढविले की गाडीला दुर्गम असे काही उरत नाही, असे दुसऱ्याचे म्हणणे. माझ्या मते पहिला पक्ष यंत्रशास्त्राच्या बाबतीत चुकतो आणि दुसरा रस्त्याच्या बाबतीत. आणि रस्त्यावरची चूक अधिक गंभीर आहे, कारण तिची किंमत तिऱ्हाईताला मोजावी लागते.

पहिल्या पक्षाचा विचार आधी करू. टायर मोठा घ्यायचा आणि पत्र्याला धक्काही लावायचा नाही, असा आग्रह धरला तर गाडी उचलण्यावाचून गत्यंतर राहत नाही. म्हणजे स्प्रिंगा उंच करायच्या किंवा चासी आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालायचे. परंतु गाडी जितकी उंच होते तितका तिचा गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि आडव्या उतारावर ती कलंडण्याचा क्षण तितकाच अलीकडे येतो. पत्रा कापणारा कारागीर गाडीचे वजन खालीच ठेवून चाकाला जागा करून देतो. जिप्सी आणि थार या दोन्ही गाड्यांची बॉडी स्वतंत्र चासीवर बसविलेली असल्यामुळे पुढचे मडगार्ड कापल्याने गाडीचा कणा दुबळा होत नाही. तेव्हा ज्याला विटंबना म्हटले जाते, ते खडकाळ भूमीवर उचलण्यापेक्षा अधिक शहाणपणाचे काम ठरते.

अर्थात ते काम नीट केले असेल तर. जाणता कारागीर प्रथम स्प्रिंगा उतरवितो, जॅक लावून चाक बंप स्टॉपला टेकेपर्यंत वर नेतो, स्टेअरिंग एकदा या टोकाला आणि एकदा त्या टोकाला पूर्ण वळवितो, आणि रबर जेथे जेथे पत्र्याला घासते तेथे तेथे खडूची रेघ ओढून मगच ग्राइंडर हाती घेतो. मागच्या चाकाची कमान तर दुपदरी असते; बाहेरचा आणि आतला पत्रा कडेला एकमेकांस डाग देऊन जोडलेला असतो. ती कडच कापली गेली की दोन्ही पत्रे सुटतात. ते पुन्हा सांधून, सांध्यात सीलर भरून, वर प्रायमर मारला नाही, तर पहिल्याच पावसाळ्यात चिखल आत शिरून गंज धरतो. गॅरेजमध्ये हे दाखवून द्यावे लागते, कारण घाईने केलेल्या कामावर प्लास्टिकची पट्टी बसविली की उघडी कड कोणाला दिसत नाही.

आता दुसरा पक्ष. 2020 च्या थारला 255/65 आर 18 मापाचा टायर येतो; त्याचा व्यास सुमारे 789 मिलिमीटर. पस्तीस इंची टायरचा व्यास 889. वाढ शंभर मिलिमीटरची, परंतु आसाखाली मिळणारी उंची तिच्या निम्मी, म्हणजे पन्नासच. या पन्नास मिलिमीटरांच्या मोबदल्यात काय द्यावे लागते? स्पीडोमीटरचा काटा ऐंशीवर असता गाडी प्रत्यक्षात नव्वदने धावते. ब्रेक तेच राहतात, पण चाकाची त्रिज्या वाढल्यामुळे तितक्याच दाबाला जमिनीवर मिळणारे रोधक बल सुमारे अकरा टक्क्यांनी घटते. क्राऊन-पिनियन बदलले नाही तर चढणीला ओढ कमी पडते, ती निराळीच. शिवाय पत्र्याबाहेर आलेला टायर मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर खडी आणि चिखल उडवितो. आणे घाटाच्या वळणांवर कांद्याने भरलेले पिकअप आणि बेल्ह्याच्या बाजारातून परतणाऱ्या मोटरसायकली एकाच वेळी उतरत असतात. त्या घाटात अकरा टक्के कमी ब्रेक असलेली गाडी आणण्याचा अधिकार कोणाला कसा पोहोचतो, हे मला कोणी समजावून सांगावे.

‘गाडी माझी, पत्रा माझा’ हा युक्तिवादही टिकत नाही. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 अन्वये उत्पादकाने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास मालकाला मज्जाव आहे; जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा उदार निर्णय फिरवून हीच गोष्ट निःसंदिग्ध केली; आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद केली.

‘पठारावरच्या वाटाच तशा’ असेही सांगितले जाते. आणे, पेमदरा, नळवणे या बाजूच्या वाटा खडकाळ आहेत, हे खरे. परंतु दुसऱ्या महायुद्धात विलीज जीप सहा इंच रुंदीच्या, सोळा इंची रिंगच्या अरुंद टायरांवर रणांगणे तुडवीत फिरली. टायरमधली हवा बत्तीसवरून अठरापर्यंत उतरविली की रबर जमिनीला अधिक लांब टेकते आणि पकड वाढते. डांबरावर परतण्यापूर्वी ती पुन्हा भरावी, एवढेच पथ्य. शेताच्या बांधापर्यंत जाण्यास याहून अधिक कशाचीही गरज नाही.

मग कापलेल्या गाडीला स्थान कोठे? 2014 पासून गोव्यात भर पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धेत, जेथे मार्ग आखलेला असतो, रोल केज आणि विंच गाडीवर असतात आणि समोरून कोणी दुचाकीवाला येण्याची शक्यता नसते. तेथे पत्रा जरूर कापावा, आणि निर्भयपणे कापावा. पण ती गाडी ट्रेलरवर चढवून न्यावी आणि ट्रेलरवरच परत आणावी. अशा गाड्यांसाठी परिवहन खात्याने स्वतंत्र वर्गाची तजवीज केली, तर आज चोरून होणारे काम उघड्यावर येईल आणि ते तपासताही येईल. आमच्या पठारावर खाजगी मालकीची खडकाळ पड जमीन पुष्कळ आहे. मालकाच्या लेखी संमतीने, कुंपण घालून आणि शुल्क आकारून तिच्यावर अशा गाड्यांना मुभा दिल्यास माझी हरकत नाही, उलट त्या कामी मी स्वतः पुढे होईन.