रोल मिळत नाही? दादांकडे बघा!

एकांकिका स्पर्धा संपल्या, की ग्रुपमधले निम्मे जण ऑडिशनला पळतात. मग रोज कट्ट्यावर एकच प्रश्न, 'कॉल आला का रे?' नाही आला, की कारण ठरलेलं : 'आपला फेसच हिरोचा नाही यार!'

दादा कोंडकेंचा तरी कुठे होता? नायगावात वाढलेला, सेवादलाच्या कलापथकात तयार झालेला हा माणूस. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'नं त्यांना नाव दिलं. १९६९मध्ये भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'त काम मिळालं. पण पुढच्या रोलची वाट बघत न बसता ते स्वतःच निर्माते झाले. १९७१मध्ये 'सोंगाड्या' आला. लेखक पुन्हा सबनीसच!

दादरच्या 'कोहिनूर'मध्ये सिनेमा लागेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरे पाठीशी उभे राहिले. म्हणजे ओळख लागलीच की, असं म्हणाल. मान्य. पण ओळखीनं थिएटर मिळतं, हाऊसफुल्लचा बोर्ड नाही. लोक कुठे हसतात, कुठे चुळबुळतात, हे दादा वगाच्या प्रयोगांत शिकले होते. पैसा नंतर लावला, प्रेक्षक आधी कमावला.

पुढे द्वयर्थी विनोदाचा तोच फॉर्म्युला त्यांनी फार ताणला, असं मला वाटतं. ती चूक आपण करू नये. पण तोवरचा धडा पक्का घ्यावा. कॉल येईल तेव्हा येईल. पुढचा प्रयोग कधी लावताय, ते सांगा!