शिक्षणखात्यात डावलल्या गेलेल्या देशी अध्यापकांच्या नोंदी खुल्या करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ब्रिटिशकालीन मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यातील नेमणुकांची कागदपत्रे लोकांपर्यंत पोहोचवण्याबाबत.

महोदय,

अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथील आम्ही खाली सह्या करणारे शिक्षक व पालक आपणांस सविनय निवेदन करतो की,

धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्णावरून कोणाही हिंदी माणसाला सरकारी पद नाकारले जाणार नाही, अशी हमी 1833 च्या सनदी कायद्याने दिली होती. पात्र माणसांचीही वाण नव्हती. 1834 मध्ये बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये साहाय्यक प्राध्यापक झाले, पुढे दादाभाई नौरोजींनी तिथेच गणित शिकवले. तरीही रामकृष्ण गोपाळ भांडारकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक असताना, 1873 मध्ये त्या पदावर पीटर पीटरसन यांना आणले गेले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी असलेले भांडारकर वीस वर्षांनी त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. उणीव त्यांच्या विद्वत्तेत नव्हती.

1896 च्या फेररचनेने या भेदाला नियमाचे रूप दिले. वरिष्ठ ‘इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस’ची भरती इंग्लंडमध्ये होऊ लागली आणि इथल्यांच्या वाट्याला कमी पगाराची प्रांतिक सेवा आली. त्याच वर्षी कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनात याविरुद्ध ठराव झाला. अध्यक्षस्थानी मुंबईचे रहिमतुल्ला सयानी होते. सरकारी नोकऱ्यांतील नेमणुकांची चौकशी करणाऱ्या 1912 च्या इस्लिंग्टन आयोगावर गोपाळ कृष्ण गोखले सदस्य होते. वरिष्ठ सरकारी सेवांविषयीच्या ली आयोगाच्या 1924 च्या अहवालानंतर ‘इंडियन एज्युकेशनल सर्व्हिस’ची भरती थांबली.

भांडारकरांचे नाव निदान इतिहासात राहिले. हंगामी म्हणून राबलेल्या आणि बढतीविना निवृत्त झालेल्या साध्या मास्तरांची नावे मात्र दप्तरांतच आहेत. आमच्या वर्गांतील मुलांना ती माहीत नाहीत, याची आम्हांला मनापासून खंत वाटते. म्हणून आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे :

1. पुराभिलेख संचालनालयातील 1855 ते 1924 या काळातील शिक्षणखात्याच्या नेमणूक, वेतन व बढतीविषयक कागदपत्रांची मराठी सूची करावी आणि त्यांच्या डिजिटल प्रती सर्वांना विनामूल्य पाहता याव्यात.

2. देशी शिक्षकांचे अर्ज व त्यांवरील सरकारी शेरे निवडून त्यांचा मराठी खंड प्रसिद्ध करावा.

3. उपनगरांतील विद्यार्थ्यांसाठी जोगेश्वरीच्या शासकीय इस्माईल युसुफ महाविद्यालयात या कागदपत्रांचे कायमस्वरूपी प्रदर्शन भरवावे.

4. हा विषय माध्यमिक इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात यावा, यासाठी शालेय शिक्षण विभागाकडे शिफारस करावी.

त्या काळच्या शिक्षकांनी सरकारकडे अर्ज केले. त्या अर्जांचे काय झाले, एवढे तरी त्यांच्या नातवंडा-पतवंडांना कळावे. आमचा अर्ज त्याचसाठी आहे. चर्चेसाठी आपण वेळ द्यावा, ही विनंती.

आपले विनम्र,
मुंबई उपनगरांतील शिक्षक व पालक

सोबत : सह्यांची पाने
प्रत माहितीसाठी : मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, मुंबई